दारातली मॅट: लादी कापून बसवायची की वरच अंथरायची?

माझ्याकडे देखभालीला तीन इमारती आहेत. एक वाशीत खाडीच्या बाजूला, एक महापेला एमआयडीसीत आणि एक ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये. तिघींच्या दारात तीन तऱ्हेच्या मॅट. एकीचीही निवड मी केलेली नाही, निस्तरतो मात्र मीच.

एप्रिल लागला की कुठल्या ना कुठल्या सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन येतोच. "साहेब, दारात लादी कापून ती ॲल्युमिनियमची मॅट बसवायची म्हणतोय. की नेहमीसारखी वरचीच आणू?" मी आधी उलट विचारतो, ती आठवड्याला उचलणार कोण? बहुतेक वेळा पलीकडे शांतता असते. हा प्रश्न सुटला नसेल तर पुढचं सगळं वाचूनही फार उपयोग नाही.

खाचेतल्या मॅटचं म्हणणं साधं आहे. फरशीत मॅटच्या जाडीएवढा उथळ खड्डा, कडेला धातूचा अँगल, आत मॅट. वरून सगळं एका पातळीत. ठेच लागत नाही, कड मुडपत नाही, दार अडत नाही, व्हीलचेअर आणि सामानाची ट्रॉली सरळ आत येते. शिवाय चपलेखालचा चिखल फटींतून खाली पडतो, त्यामुळे वरचा भाग पुढच्या माणसासाठी मोकळा राहतो. हे शेवटचं तिचं खरं बळ, आणि तेच तिचं दुखणं.

वाशीला ते जवळून पाहिलं. मी काम हाती घेतलं तेव्हा जुलैचा पहिला आठवडा होता आणि लॉबीत ओल्या गोणपाटासारखा वास येत होता. चौघांनी मिळून खाचेतली ॲल्युमिनियमची मॅट गुंडाळली. खाली दोन बोटं काळा गाळ, स्टेपलरच्या पिना, गुटख्याच्या पुड्या, एक कानातलं, आणि त्यावर तरंगणारं पाणी. पाणी जायला वाटच ठेवलेली नव्हती. बाजूला काचेच्या दाराचा फ्लोअर स्प्रिंग होता, म्हणजे दार हळू मिटवणारी फरशीतली स्प्रिंग. त्याच्या पेटीत हेच पाणी शिरून तो गंजला होता, म्हणून दार धाडकन आपटायचं. वर्षभर सगळे दार बसवणाऱ्याला बोल लावत होते. कडेचा अँगल साध्या लोखंडाचा, वर रंगाचा हात मारलेला. खाडीच्या हवेत तो गंजून फुगला आणि त्याने ग्रॅनाइटची कड उचलली. म्हणजे ठेच लागू नये म्हणून केलेल्या खाचेलाच ठेच लागायची.

याचा दोष मॅटला देऊ नये. ॲल्युमिनियमच्या पट्ट्या तारेच्या दोरात ओवलेल्या, मधे रबराच्या चकत्या, पट्टीच्या खोबणीत कार्पेट, रबर किंवा ब्रश, ही रचना उत्तम आहे. कार्पेट झिजलं तर पट्टी तशीच ठेवून नुसतं कार्पेट बदलता येतं. फक्त काय कुठे घालायचं ते आपल्या पावसाकडे बघून ठरवा. दाराबाहेर कार्पेट नको. जुलैत ते वाळतच नाही. बाहेर रबर किंवा ब्रश, आत कार्पेट. पट्ट्या चालण्याच्या दिशेला आडव्या हव्यात, तरच तळवा खरवडला जातो आणि व्हीलचेअरचं पुढचं छोटं चाक फटीत अडकत नाही. उलट्या बसवलेल्याही पाहिल्या आहेत. का, तर लॉबीच्या फोटोत त्या लांबसडक दिसतात!

वागळे इस्टेटची मॅट काथ्याची. तीही खाचेतच. स्वस्त पडते, सुरीने हव्या त्या आकारात कापता येते आणि कोरडी धूळ तिच्याइतकी कुणी धरत नाही. पोर्चवर पूर्ण छत आहे आणि लोक गाडीतून उतरून आत येतात, अशा जागी मी आजही काथ्या सुचवेन. मात्र छत्री घेऊन चालत येणाऱ्या माणसांसाठी ती नाही. पाणी पिऊन बसते, सुकत नाही, कुबट वास मारते आणि पहिले काही महिने लॉबीभर तुसं सांडते. दुसरं म्हणजे ती दबते. बसवताना फरशीच्या पातळीत असलेली काथ्या वापराने खाली बसते आणि अँगलची कड वर राहते. व्हीलचेअर ढकलणाऱ्याला तर ती वाळूसारखी जड जाते. तुमच्याकडे दवाखाना, बँक किंवा क्लिनिक असेल तर काथ्याचा विचार सोडा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने इमारतीतली सुगम ये-जा हा हक्क मानला आहे, आणि तो उंबऱ्यापासूनच सुरू होतो.

महापेला वरची मॅट आहे, दुकानदार जिला कुशन मॅट म्हणतात ती, पीव्हीसीच्या शेवयांचा गुंता. हिला हसणारे पुष्कळ आहेत, मी नाही. पाइपने धुतली, कंपाउंडच्या भिंतीवर टाकली, काम झालं. दोन जोड ठेवले की एक दारात, एक वाळत. एकटा हाऊसकीपिंगवाला सगळं करतो. तोटे उघड आहेत. ओल्या ग्रॅनाइटवर ती सरकते, कडा कुरळ्या होतात, दार तिच्यावर घासतं. माल ओढायची हायड्रॉलिक हातगाडी, म्हणजे पॅलेट ट्रक, तर तिला सोबत घेऊनच आत येतो. मालाची ये-जा असलेल्या दारात ती टिकत नाही. तिथे जड ट्रॉलीच्या वजनाची, भक्कम पट्ट्यांची मॅट खाचेतच हवी.

प्रकारापेक्षा लांबी जास्त महत्त्वाची, हे मात्र कुणी ऐकत नाही. दोन्ही तळवे निदान दोनदा मॅटवर पडले पाहिजेत, म्हणजे चार पावलं, साधारण ३ मीटर. आपल्याकडे दीड-दोन फुटांचं पायपुसणं टाकतात आणि चिखल लिफ्टपर्यंत गेला की मॅटला नावं ठेवतात. एवढी लांब खाच परवडत नसेल तर दाराशी मीटरभर खाचेतली आणि पुढे आत वरची कार्पेट मॅट, अशी जोडगोळी करा. ठाणे-बेलापूर रस्त्याची धूळ आणि त्यावर आपला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, एवढा माल एका पावलात झटकला जात नाही.

आता खोदकाम. जुन्या इमारतीत "स्लॅब फोडावा लागेल" अशी भीती घालतात. बहुतेकदा ती खोटी असते. ग्रॅनाइट १८ मिलिमीटरच्या आसपास, त्याखाली सिमेंट-वाळूचा थर. कटरने लादी कापून थोडा थर काढला की २२ मिलिमीटरची खाच स्लॅबला हात न लावता मिळते. पण बाहेरच्या पोडियमवर, खाली पार्किंग असेल तर ब्रेकर चालवू देऊ नका. तिथलं वॉटरप्रूफिंग फुटलं की पाणी कुणाच्या तरी गाडीवर ठिबकेल आणि मीटिंगमध्ये नाव तुमचं निघेल. पावसाच्या माऱ्यातली खाच करायचीच तर तळाला उतार, कोपऱ्यात पाणी जायचा ट्रॅप आणि चेंबरपर्यंत पाइप हवा. ते जमत नसेल तर खाच दाराच्या आत, कोरड्यात घ्या. फ्लोअर स्प्रिंगच्या पेटीला लागून तर कधीच नको.

अँगल ॲल्युमिनियमचा असेल तर ओल्या सिमेंटला लागणाऱ्या बाजूला बिटुमिनचा, म्हणजे डांबराचा, हात मारून घ्या. सिमेंटचा अल्क ॲल्युमिनियमला खातो. वाशी-बेलापूरकडे स्टेनलेस स्टीलचा अँगल जास्त बरा. खाचेच्या तळाच्या सिमेंटवर पट्टी फिरवून तो सपाट करा, नाहीतर मॅट पावलागणिक खडखडते. आणि मॅटची ऑर्डर नकाशावरून देऊ नका. अँगल बसला, सिमेंट वाळलं, की चारही बाजू आणि दोन्ही कर्ण मोजा. कर्ण जुळत नसतील तर खाच चौकोनी नाही. मॅट प्रत्येक बाजूने दोन-तीन मिलिमीटर लहान हवी, म्हणजे उचलताना बोटं अडत नाहीत.

उचलण्यावरून आठवलं. ही ॲल्युमिनियमची मॅट चौरस मीटरला पंधरा किलोच्या घरात जाते. तीन चौरस मीटरचा अखंड तुकडा म्हणजे सिमेंटच्या गोणीएवढं ओझं, आणि "मॅट एकदाही उचललेली नाही" याचं खरं कारण बहुधा तेच. तुकड्यांत करून घ्या, एक माणूस गुंडाळू शकेल एवढ्या. रोज व्हॅक्यूम; झाडूने कचरा निघत नाही, फटीत ढकलला जातो. आठवड्याला एकदा गुंडाळून तळ पुसायचा, पावसाळ्यात दोनदा. खाली आठवडाभर साचलेलं पाणी म्हणजे डासांची वसाहत.

म्हणून माझा कौल असा. हाऊसकीपिंगची दोन माणसं आणि ओलं-कोरडं व्हॅक्यूम असेल, रोजची वर्दळ मोठी असेल, तर खाचेतली ॲल्युमिनियम. कोरडा पोर्च आणि बेताचं बजेट असेल तर काथ्या, ती दबली की बदलायची या हिशेबाने. एकच माणूस आणि भाडेकरूंची ऑफिसं असतील तर लादी कापूच नका. कुशन मॅटचे दोन जोड आणि खाली घसरू न देणारी जाळी. महापेला मी हेच चालू ठेवलंय.

खाच करायचीच ठरली तर मार्चमध्ये हात घाला. मुंबईत पाऊस साधारण ११ जूनला येतो आणि मापाची मॅट चार दिवसांत हाती पडत नाही. मधल्या दिवसांत खाच उघडी राहते, वॉचमन तिच्यावर पुठ्ठा टाकतो आणि पहिलाच कुरियरवाला पाय मुरगळतो. त्याऐवजी १८ मिलिमीटरचा प्लाय आणि त्याखाली ४ मिलिमीटरचा, दोन्ही मापात कापून टाका. बरोबर २२ होतात.