शेवभाजी तर भारीच, पण पाच स्टार दुसऱ्याच गोष्टीला

अमळनेरचं स्टँडजवळचं हे हॉटेल शेवभाजीला एक नंबर, काळ्या मसाल्याची तर्री, शेव वाढतानाच टाकतात म्हणून लगदा होत नाही, सोबत कळण्याची भाकर न् कांदा. पण मला खरं आवडलं ते वेगळंच. समोरच्या बाकावर दोन तृतीयपंथी ताई जेवत होत्या, मालक त्यांनाही आमच्यासारखंच विचारत होता, "ताई, रस्सा वाढू का अजून?" आपल्याकडे हॉटेलात काहींना चहाचा कप वेगळा असायचा हो, माणसाला माणसात धरत नव्हते! याच गावात शिक्षक राहिलेल्या साने गुरुजींना १९४७ ला पंढरपूरचं मंदिर सगळ्यांना उघडावं म्हणून उपोषण करावं लागलं, आणि तृतीयपंथी ओळख सुप्रीम कोर्टानं मान्य केली ती तर थेट २०१४ ला. रविवारी गर्दी असते, लवकर जा.