जपानी ग्राहकाशी वागताना : पुण्यातील एका कार्यशाळेचे परीक्षण

चाकण, रांजणगाव आणि सुपे या पट्ट्यात जपानी कंपन्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या कारखान्यांतील माणसांना कधी ना कधी नागोया किंवा ओसाकाची वारी करावीच लागते. अशा मंडळींसाठी पुण्यात शनिवार-रविवारी होणाऱ्या, जपानी व्यावसायिक शिष्टाचारावरील एका कार्यशाळेला आमच्या कंपनीतर्फे आम्ही काही जण गेलो होतो. पुढे तक्रारीचाही भाग असल्यामुळे संस्थेचे नाव देत नाही; पण याच धर्तीचे वर्ग इतरत्रही चालतात आणि त्यांतला कोणता निवडावा हे ठरवताना ही माहिती उपयोगी पडावी.

पहिला दिवस अत्यंत चांगला होता. अनेक वर्षे दुभाषी म्हणून काम केलेल्या प्रशिक्षक बाईंनी व्हिजिटिंग कार्डाच्या देवाणघेवाणीपासून सुरुवात केली आणि ती नुसती सांगितली नाही, तर प्रत्येकाकडून करवून घेतली. टेबलावरून हात लांब करून कार्ड द्यायचे नाही, उठून समोरच्यापर्यंत जायचे. अक्षरे त्याला सुलटी दिसतील असे धरून, दोन्ही हातांनी आणि त्याच्या कार्डापेक्षा किंचित खाली धरून द्यायचे. मिळालेले कार्ड वाचायचे आणि बसल्यावर, समोरची माणसे ज्या क्रमाने बसली असतील त्याच क्रमाने टेबलावर मांडायचे. त्यावर पेनाने काही लिहायचे नाही. एका गृहस्थांनी मागच्या खिशातल्या पाकिटातून दबलेले, कोपरा मुडपलेले कार्ड काढले, तेव्हा बाईंनी ते शांतपणे परत केले आणि ‘‘आधी कार्ड ठेवायची डबी घ्या, मग विमानाचे तिकीट काढा,’’ असे सांगितले.

बसण्याच्या जागांचा भाग मला सर्वांत मोलाचा वाटला. बैठकीच्या खोलीत दारापासून सर्वांत लांबची जागा पाहुण्याची आणि दाराजवळची यजमानांतल्या कनिष्ठाची, हे एक वेळ अंदाजाने कळते. परंतु टॅक्सीत मानाची जागा चालकाच्या मागची असते आणि चालकाशेजारची जागा सर्वांत कनिष्ठाने घ्यायची असते, हे ‘‘साहेब, तुम्ही पुढे बसा’’ म्हणण्याची सवय जडलेल्या आपल्या माणसाला सहजी सुचत नाही. ग्राहक स्वतःची गाडी स्वतः चालवत असेल, तर मात्र त्याच्या शेजारची जागाच मानाची ठरते. त्याचप्रमाणे, बाहेरच्या माणसासमोर आपल्या वरिष्ठांचा उल्लेख करताना नावापुढचे आदरार्थी ‘सान’ गाळायचे असते. ज्याने आयुष्यभर मालकांना साहेबच म्हटले आहे, त्याची जीभ तिथे अडखळणारच.

जेवणाचा भाग थोडक्यात उरकला, तरी शाकाहारी मंडळींसाठी त्यातली एक सूचना पुरेशी होती : भाजी, सूप, सॉस अशा निरुपद्रवी दिसणाऱ्या पदार्थांतही वाळवलेल्या बोनिटो माशाचा अर्क असू शकतो, म्हणून आपण काय खात नाही हे ताटावर बसल्यावर न सांगता निघण्यापूर्वीच ईमेलने स्पष्ट कळवावे. भेटवस्तू दुकानाच्या पिशवीतून बाहेर काढून द्यावी आणि चार नगांचा संच टाळावा, हेही सांगितले गेले.

तक्रार आहे ती दुसऱ्या दिवसाबद्दल. वाकून नमस्कार करण्याचे 15, 30 आणि 45 अंशांचे प्रकार शिकवण्यात जवळजवळ सगळी सकाळ गेली. माझ्या मते हा वेळ वाया गेला, कारण परदेशी माणसाच्या वाकण्यातील चूक जपानी यजमान सहज पोटात घालतात. ज्या गोष्टी पोटात घातल्या जात नाहीत, त्यांना शेवटचा अर्धा तास मिळाला आणि तोही चहा आल्यावर. जपानी कंपनीत निर्णय बहुधा बैठकीत होत नाही. संबंधित विभागांशी आधी एकेकट्याने बोलणे होते, प्रस्तावाचा कागद खालून वर फिरतो, त्यावर शिक्के पडतात आणि बैठकीत फक्त शिक्कामोर्तब होते. हे ठाऊक नसलेला आपला मालक दर कमी करण्याची तयारी ठेवून जातो, समोरचे ‘विचार करून कळवतो’ म्हणाले की काम झाले असे समजतो आणि पुढे महिनोन्‌महिने वाट पाहत बसतो.

याहून महत्त्वाचा मुद्दा वाईट बातमीचा. डाय तुटली, माल उशिरा जाणार अशी शंका जरी आली, तरी ती त्याच दिवशी कळवायची आणि सोबत कारण व तात्पुरता उपाय द्यायचा, अशी तिथल्या ग्राहकाची अपेक्षा असते. आपल्याकडे मात्र तारीख गाठता येणार नाही हे माहीत असूनही ‘‘होऊन जाईल, साहेब’’ म्हणण्याची रीत आहे. आपण ते धीर देण्यासाठी म्हणतो, तो ते वचन म्हणून वहीत लिहून घेतो. प्रशिक्षक बाईंना या विषयाची उत्तम जाण असल्याचे त्यांच्या दोन-तीन उदाहरणांवरून दिसले, पण स्लाइड भराभर पुढे सरकवाव्या लागल्या आणि प्रश्नांना जागाच उरली नाही.

सोबत मिळणारी मराठी पुस्तिका नेटकी असून प्रवासात जवळ ठेवण्याजोगी आहे. पहिल्यांदाच जपानला निघालेल्या इंजिनिअरला किंवा क्वालिटी विभागातील माणसाला इथे अवश्य पाठवावे. मालकांनी आणि खरेदी-विक्रीच्या वाटाघाटी करणाऱ्यांनी मात्र नोंदणीपूर्वी शेवटच्या सत्राला किती वेळ ठेवला आहे हे विचारून घ्यावे; एकाच कंपनीची बॅच असेल, तर नमस्काराचा सराव कमी करून ते सत्र वाढवून देता येते, असे बाईंनी निघताना सांगितले.