हात सुटला की सोडला? ध्रुवच्या अधःपाताच्या दोन वाटा

सुपर कमांडो ध्रुववर दोन मुंबईकर चाहत्यांनी हौसेने काढलेल्या कॉमिकचा तिसरा भाग वाचल्यापासून आमच्या ओळखीच्या वाचकांत दोन तट पडले आहेत, आणि सारा वाद एका पानाचा आहे. मुंबईत जुन्या बोटी तोडतात त्या दारूखाना भागात अर्धीअधिक कापून झालेल्या एका जुन्या बोटीच्या कठड्यावरून भंगाराचा ठेकेदार खाली लोंबकळतो आहे आणि ध्रुवने पालथे पडून त्याचे मनगट धरले आहे. पहिल्या भागात कामगारांच्या झोपड्यांना आग लावणारा तो हाच ठेकेदार. पान 26वर चार चौकटी आहेत: मनगट, घाम, ठेकेदाराचे उघडे तोंड (त्याला संवादाचा फुगा नाही) आणि ध्रुवचे डोळे. पान 27वर एकच चित्र आहे: उघडा तळवा, फाकलेली पाच बोटे आणि खूप खाली ओहोटीचा काळा चिखल. भाग तिथेच संपतो. हात सुटला की सोडला, हे कुठेही सांगितलेले नाही.

पटकथा लिहिणारी आणि चित्रे काढणारा, दोघेही माझे जुने स्नेही आहेत. चौथ्या, म्हणजे शेवटच्या भागाची पेन्सिलची पाने त्यांना गणपतीआधी सुरू करायची आहेत, आणि त्यापूर्वी हा प्रश्न निकाली निघायला हवा, म्हणून दोन्ही बाजू एकदा शेजारी शेजारी मांडून दे, असे त्यांनी मला सांगितले. एक वाट अशी की ध्रुवच्या मनावर पहिल्या भागापासून कुणाचा तरी ताबा होता आणि हात त्या ताब्यामुळे सुटला. दुसरी वाट अशी की कुणाचाही ताबा नव्हता. ध्रुवने शुद्धीवर असताना, समजून-उमजून हात सोडला. मी या वादात तटस्थ नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

ज्यांनी ध्रुव वाचलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे भाग आहे. अनुपम सिन्हा यांनी 1987मध्ये राज कॉमिक्ससाठी घडवलेला हा नायक हिंदीतला असला, तरी आमच्या पिढीतल्या अनेक मराठी मुलांनी तो चाळीतल्या भाड्याच्या कॉमिकमधून आणि स्टेशनावरच्या व्हीलरच्या स्टॉलवरून वाचला. माझे निम्मे हिंदी त्यानेच शिकवले. त्याच प्रकाशनाच्या नागराजप्रमाणे त्याच्याकडे कसली अमानवी शक्ती नाही. आहे ती बुद्धी, कसरत आणि प्राण्यांची भाषा समजण्याचे कसब. तो ज्युपिटर सर्कशीत वाढला, त्या सर्कशीच्या आगीत त्याचे आईवडील गेले, आणि तरीही तो शत्रूचा जीव घेत नाही. या वादात सर्कशीला महत्त्व आहे ते एवढ्यासाठी की झुल्याच्या खेळात सगळा भरवसा पकडणाऱ्याच्या मनगटावर असतो. अशा घरातल्या मुलाच्या हातून मनगट निसटते, यावर माझा तरी सहजासहजी विश्वास बसत नाही. म्हणूनच ते पान मनाला इतके लागले.

पहिल्या वाटेची बाजू हलकी नाही. तिचे समर्थक म्हणतात की जीव न घेणे हा ध्रुवचा नुसता नियम नसून तो कोण आहे याचीच ती व्याख्या आहे. ती मोडली की उरतो तो ध्रुवचा पोशाख घातलेला दुसराच कुणी. पुरावा म्हणून ते दुसऱ्या भागातल्या एका चौकटीकडे बोट दाखवतात, जिथे भिंतीवर पडलेल्या ध्रुवच्या सावलीला तिसरा हात दिसतो. (तो शाईचा ओघळ होता, हे चित्रकाराने मला खासगीत सांगितले आहे, पण एकदा छापून गेलेला ओघळ वाचकाच्या मालकीचा होतो, तेव्हा हा पुरावा मी मोडीत काढत नाही.) शिवाय ही वाट लिहायला सोपी आहे: ताबा घेणारा कोण, तो कसा शिरला आणि कसा निघाला, एवढे सांगितले की 32 पानांत कथा मिटते आणि नायक पुन्हा वाचकाच्या हाती येतो.

मात्र याच वाटेने पूर्वी गेलेल्यांचे काय झाले, हे पाहून मगच तिच्यावर पाऊल टाकावे. अमेरिकेतल्या एक्स-मेन मालिकेत जीन ग्रे ही नायिका फिनिक्स नावाच्या वैश्विक शक्तीने बेभान होऊन एक तारा गिळते आणि त्याच्याभोवतीच्या ग्रहावरचे पाच अब्ज जीव मरतात. लेखक ख्रिस क्लेअरमाँट आणि चित्रकार जॉन बर्न यांना तिला शक्ती काढून घेऊन जिवंत ठेवायचे होते. मुख्य संपादक जिम शूटर यांनी एवढ्या संहाराला शिक्षा हवीच असा आग्रह धरला, आणि 1980च्या 137व्या अंकात ती चंद्रावर स्वतःचा अंत करून घेते. तो शेवट वाचणाऱ्याच्या मनातून जात नाही, कारण अपराध तिचा होता आणि त्याची किंमतही तिनेच मोजली. मग 1986मध्ये मूळ पाच नायकांना घेऊन नवी मालिका काढायचे ठरले, त्यासाठी जीन हवी होती, आणि वाचकांना सांगण्यात आले की ती जीन नव्हतीच. खरी जीन न्यूयॉर्कजवळच्या जमैका बेच्या तळाशी एका कोशात झोपलेली होती आणि तारा गिळणारी होती ती फिनिक्सने तिच्यावरून घेतलेली प्रतिकृती. एका फटक्यात अपराध पुसला गेला आणि त्याबरोबर तो मृत्यूही स्वस्त झाला.

जादुई अंगठीच्या बळावर लढणाऱ्या ग्रीन लँटर्न या अमेरिकन नायकाची, म्हणजे हॅल जॉर्डनची, गोष्ट आमच्या प्रश्नाच्या आणखी जवळची आहे. त्याचे शहर, कोस्ट सिटी, उद्ध्वस्त झाल्यावर तो 1994च्या 48 ते 50 या तीन अंकांत स्वतःच्याच सहकाऱ्यांवर उलटतो, त्यांच्या अंगठ्या ओरबाडून घेतो, किलोवॉगसारख्या मित्राला मारतो आणि पॅरलॅक्स नावाचा खलनायक बनतो. वाचक इतके संतापले की त्यांनी संघटना काढून मोहीम चालवली. पुढे 2004-05मध्ये सांगण्यात आले की पॅरलॅक्स हा भीतीवर पोसणारा जीव होता आणि तोच हॅलच्या आत शिरला होता. आता मला वाटते ते असे: त्या वाचकांची तक्रार अधःपाताबद्दल कमी आणि त्याच्या वेगाबद्दल जास्त असावी. अनेक वर्षांच्या सज्जन माणसाला तीन अंकांत खुनी केले, तर वाचकाला ते पटत नाही. आणि तीन अंकांची घाई दहा वर्षांनी राक्षसाच्या नावावर खपवली, तरी मुळातली घाई तिथेच राहते. 2016मध्ये कॅप्टन अमेरिका शत्रूचा हस्तक निघाला, तेव्हा तर वास्तव बदलून टाकणाऱ्या एका शक्तीचा खुलासा लगेच पुढच्याच अंकात आला. म्हणजे परतीचे तिकीट आधीच काढून ठेवलेले होते.

या उदाहरणांतून मला एक गोष्ट दिसते, आणि माझे सगळे म्हणणे तिच्यावरच उभे आहे. प्रकाशकाला पुढच्या महिन्याचा अंक विकायचा असतो. त्याला नायक कायमचा गमावून चालत नाही, म्हणून ताबा, प्रतिकृती, बदललेले वास्तव ही सोय त्याला लागतेच. तो त्याच्या धंद्याचा भाग आहे आणि त्यात गैर काही नाही. आमच्या दोघा मित्रांना पुढचा महिनाच नाही. त्यांचा भाग चौथा संपला की कथा संपली; खरा ध्रुव राजनगरात, म्हणजे मूळ कॉमिकमधल्या त्याच्या शहरात, आपल्या जागी सुखरूप आहे आणि चाळीस प्रती काढलेल्या एका हौशी कॉमिकने त्याला ओरखडाही उठणार नाही. असे असताना प्रकाशकाची कुबडी त्यांनी का घ्यावी?

आता दुसरी वाट. हात सोडला असे म्हणायचे, तर तो सोडण्यापर्यंत ध्रुव कसा पोहोचला याचा माग आधीच्या पानांत सापडायला हवा, आणि नसेल तर ही वाट हॅल जॉर्डनच्याच खड्ड्यात नेईल. म्हणून मी पहिले दोन्ही भाग पुन्हा वाचले. पहिल्या भागात ध्रुव जळलेल्या झोपड्यांमधून चालतो तेव्हा एकही संवाद नाही. सर्कशीच्या आगीची आठवण शब्दांत न आणण्याचा तो निर्णय मला फार आवडला. दुसऱ्या भागात रे रोडच्या पुलाखाली एक भटका कुत्रा त्याला काहीतरी सांगू पाहतो, आणि प्राण्यांशी बोलणारा ध्रुव त्याला उत्तर न देता पुढे निघून जातो. पहिल्या वाचनात हे माझ्या ध्यानात आले नव्हते. पटकथाकाराला विचारले, तर ती म्हणाली की पानात जागा नव्हती म्हणून उत्तराचा फुगा काढून टाकला. काढला ते बरे झाले. माणूस आतून बदलू लागतो तेव्हा तो आधी बोलायचा थांबतो, आणि हे त्या एका रिकाम्या जागेत उमटले आहे. तिसऱ्या हाताच्या ओघळापेक्षा हा पुरावा मला भारी वाटतो, जरी दोन्ही अपघातानेच घडलेले असले तरी.

दोन्ही वाटा एकत्र करता येतील का, असाही प्रश्न निघाला, आणि त्याचे उत्तर आपल्याकडे फार जुने आहे. महाभारताच्या सौप्तिक पर्वात अश्वत्थामा रात्री वडाखाली जागा असतो. झाडावर झोपलेल्या कावळ्यांना एक घुबड मारून टाकते, ते तो पाहतो आणि झोपलेल्या शत्रूला मारायचे ठरवतो. कृपाचार्य त्याला परोपरीने समजावतात; तो ऐकत नाही. त्यानंतर, पांडवांच्या शिबिराच्या दारात अडवला गेल्यावर तो शंकराची आराधना करतो, आणि शंकर त्याला खड्ग देऊन त्याच्या देहात प्रवेश करतो. म्हणजे संचार आहे, पण तो निश्चयाच्या नंतर आलेला आहे. महाभारताने हा क्रम उलटा ठेवला असता, तर डोक्यावरच्या जखमेसाठी दारोदार तेल मागत फिरणारा अश्वत्थामा आपल्या आज्यांच्या गोष्टीत आलाच नसता. ज्याच्या अंगात कुणी दुसरा शिरून अपराध करून गेला, त्याला कल्पान्तापर्यंत भटकायला कोण लावील? आमच्या मित्रांना ताबा घेणारा कुणी आणायचाच असेल, तर तो पान 27च्या पुढे आणावा, मागे नव्हे.

तिसरी एक सूचना आली: काहीच सांगू नये, वाचकाला ठरवू द्यावे. तिसऱ्या भागाच्या शेवटी ते शोभले. शेवटच्या भागातही तेच केले तर ती टाळाटाळ ठरेल, आणि तीन भाग वाट पाहिलेल्या वाचकाला ती कळेल.

दोन्ही वाटांच्या श्रमांत मोठा फरक आहे, हे मात्र मान्य करायला हवे. चित्रकार एकटा आहे, दिवसभर नोकरी करतो, डोंबिवलीहून ये-जा करतो आणि रात्री जेवणानंतर दिव्याखाली शाई भरतो. पहिल्या वाटेत मारामारीची, स्फोटाची पाने आहेत, जी तो डोळे मिटून काढतो. दुसऱ्या वाटेत चेहरे आहेत: ठेकेदाराची बायको, ध्रुवने स्वतःला सांगितलेले खोटे, पोलीस कमिशनर असलेल्या मानलेल्या वडिलांसमोरची ती बैठक. तिथे हाणामारी नाही, आणि एक भुवई चुकली तरी प्रसंग कोसळतो. एवढी पाने नीट काढण्याइतका वेळ हाताशी नसेल, तर मी स्वतः पहिली वाट घ्यायला सांगेन. कसाबसा उरकलेला अधःपात हा नीट सांगितलेल्या ताब्यापेक्षा वाईटच.

कायद्याचा मुद्दा मला विचारला गेला म्हणून थोडक्यात लिहितो. भारताच्या 1957च्या कॉपीराइट कायद्यातले कलम 57 लेखकाला त्याच्या कृतीची मानहानीकारक मोडतोड झाल्यास हरकत घेण्याचा अधिकार देते, आणि ‘विक्रीसाठी नाही’ असे पहिल्या पानावर छापले म्हणून तो अधिकार लोपत नाही. खुनी ध्रुव हा सुटलेल्या हाताच्या ध्रुवपेक्षा मूळ निर्मात्यांना जास्त बोचेल, हे उघड आहे. म्हणून दुसरी वाट धरायची तर प्रती चाळीसच ठेवाव्यात आणि ओळखीच्या हातांतच द्याव्यात.

राहता राहिले पान 27. कोणतीही वाट घेतली तरी ते नव्याने काढावे लागेल, असे माझे मत आहे. माझ्या अकरा वर्षांच्या भाच्याने ते पान पाहून आपला हात तसाच पुढे केला आणि म्हणाला, “हा झेलायला पसरलाय ना?” त्याचे बरोबर होते. झुल्यावरून समोरच्याला पकडायला पुढे आलेला पंजा आणि नुकताच सोडलेला पंजा चित्रात सारखेच दिसतात. कॅच घ्यायला उभ्या राहिलेल्या शिवाजी पार्कवरच्या पोरांचे हातही असेच असतात. सोडलेला हात दाखवायचा असेल, तर बोटे फाकलेली नकोत. ती सैल, किंचित आत वळलेली हवीत, कारण निसटणाऱ्या गोष्टीमागे बोटे ताणली जातात आणि आपण होऊन सोडलेल्या गोष्टीमागे ती ताणली जात नाहीत. दुसरे असे की छापील प्रतीत 26 आणि 27 ही पाने समोरासमोर येतात. मनगट पाहतानाच डोळ्याच्या कोपऱ्यात उघडा तळवा दिसतो आणि सगळे एका झटक्यात घडल्यासारखे, म्हणजे अपघातासारखे वाटते. मोबाइलवर एकेक पान सरकवत वाचणाऱ्यांपैकी माझ्या ओळखीचे बहुतेक ‘सोडला’च्या बाजूचे का, याचे कारण मला इथेच दिसते. चौथा भाग निघेल तेव्हा चारही भाग एकत्र बांधायचे ठरले आहे. त्या बांधणीत या प्रसंगाआधी एक पान वाढवावे, म्हणजे मनगट उजव्या हाताच्या पानावर येईल आणि तळवा पान उलटल्यावर दिसेल. वाढवलेल्या पानावर काय असावे, तेही मी पटकथाकाराला कळवले आहे: ध्रुवची दुसरी, मोकळी मूठ, जी कठड्याला घट्ट धरून आहे.