फेअरट्रेड की बेटर कॉटन?

हे दोन्ही कापसाचे शिक्के, म्हणजे ठरलेल्या अटी पाळून पिकवल्याची प्रमाणपत्रं. यातलं कुठलं घ्यावं हे ठरवताना यवतमाळकडच्या कापूसवाल्यानं आधी एकच विचारावं: भावाची हमी आहे का?

फेअरट्रेडमध्ये किमान किंमत ठरलेली असते. वर प्रीमियम, म्हणजे जादा रक्कम येते, पण ती एकेका शेतकऱ्याच्या हातात नाही, शेतकऱ्यांच्या संघटनेकडे. कशावर खर्चायची हे सभासद मतदानानं ठरवतात, म्हणून सभा चुकवू नका. अडचण बियाण्याची आहे. जनुकीय बदल केलेलं वाण इथं चालत नाही, आणि २००२ मध्ये बीटी या तसल्याच वाणाला परवानगी मिळाल्यापासून आपल्याकडे बिगर-बीटी पाकीट शोधत फिरावं लागतं. शिवाय शिक्का मिळाला म्हणजे सगळा माल त्या अटींवर विकला जाईलच असं नाही. उरलेला नेहमीच्याच भावानं जिनिंगवर, म्हणजे सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात जातो. हे कुणी आधी सांगत नाही, याचा मला राग येतो.

२००९ मध्ये सुरू झालेल्या बेटर कॉटनला बीटी चालतं. फवारणी-पाण्याचं प्रशिक्षण मिळतं. गुलाबी बोंडअळीच्या पट्ट्यात औषधाचा खर्च वाचला तर ते थोडं नाही. पण किमान किंमत नाही. ‘मास बॅलन्स’ पद्धतीत जिनिंगनंतर हा कापूस साध्यात मिसळू शकतो, त्यामुळे त्या शर्टात तुमचाच धागा असेल असं नाही.

बीटी पेरणाऱ्यानं बेटर कॉटन घ्यावं, प्रशिक्षणासाठी, भावासाठी नाही. आणि दोन्हीकडे विचारावं, वेचणाऱ्या बायांची किलोमागची मजुरी किती वाढली?