फोल्डर उघडला की बंद पडणारा फाइल मॅनेजर: आठ महिन्यांचा अनुभव

लिनक्सवरचा हा हलका फाइल मॅनेजर मी आठ महिने रोज वापरतोय. लॅपटॉप जुना, रॅम ४ जीबी, म्हणून हलकंच काहीतरी हवं होतं. काम मोठं आहे. पणजोबांच्या अडतीच्या मोडीतल्या चोपड्या स्कॅन करून नीट लावायच्या, आणि नातेवाइकांनी आपापल्या घरच्या कागदांचे फोनवर काढलेले फोटोही त्यात जोडायचे. दोन फोल्डर शेजारी शेजारी उघडणं, शंभर फायलींना एकदम ‘चोपडी-पान’ अशी क्रमवार नावं देणं हे यात फार सहज होतं. पहिले दोन महिने मी जो भेटेल त्याला हाच वापरायला सांगत होतो.

मग मावसभावाकडून ३१२ फोटो आले. फोल्डर उघडला, चार-पाच छोटी चित्रं उमटली आणि खिडकी गायब. कसला संदेश नाही, काही नाही. दुसऱ्या खिडकीत पेनड्राइव्हवर बॅकअप चालू होता, तोही अर्ध्यात तुटला, कारण सगळ्या खिडक्या एकाच प्रोसेसच्या, म्हणजे एकाच चालू प्रोग्रॅमच्या. मला राग आला तो याचा. एखादं थंबनेल, म्हणजे फाइलचं छोटं चित्र, दिसलं नाही तर कुणाचं काही अडत नाही, पण ते काढायच्या नादात चालू कॉपी मरणं मला मान्य नाही.

त्यात ‘मागचे टॅब पुन्हा उघडा’ ही सेटिंग चालू होती. त्यामुळे प्रोग्रॅम सुरू केला की तोच फोल्डर उघडायचा आणि तो पुन्हा पडायचा. शेवटी टर्मिनलमधून त्या फोल्डरचं नाव बदललं, तेव्हा कुठे तो घरच्या फोल्डरवर उघडला आणि मला थंबनेल बंद करता आले. टर्मिनलमधूनच चालवून पाहिल्यावर शेवटची ओळ ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ अशी दिसली, म्हणजे मेमरीत नको तिथे हात घातल्यामुळे प्रोग्रॅम बंद पाडला गेला.

दोषी फाइल शोधायला मी फोल्डर अर्धा अर्धा करत गेलो. १५६, मग ७८, मग ३९... आठ-नऊ फेऱ्यांत एका फाइलपर्यंत पोचलो. ती एचइआयसी या प्रकारातला फोटो होती. आयफोन २०१७ पासून, म्हणजे आयओएस ११ पासून, फोटो मुळात याच प्रकारात साठवतो. फोटो खराब नव्हता, इमेज व्ह्यूअरमध्ये नीट उघडत होता. उरलेल्या जेपीजी फायलींचा काहीच त्रास नव्हता.

एकदा पडला म्हणजे दरवेळी का पडतो, हे कळल्यावर मला या दोषाचं खरं स्वरूप दिसलं. लिनक्सवर थंबनेलसाठी एक सामायिक पद्धत ठरलेली आहे. घरच्या फोल्डरात लपवलेल्या कॅशमध्ये ‘थंबनेल्स’ नावाचा फोल्डर असतो, त्यात १२८ आणि २५६ पिक्सेलची पीएनजी चित्रं वेगवेगळ्या कप्प्यांत राहतात. फाइलच्या पूर्ण पत्त्याचा एमडी५ (त्यावरून गणिताने काढलेली ठरावीक लांबीची खूण) काढून तेच त्या चित्राचं नाव होतं. एखादं चित्र जमलं नाही तर ‘फेल’ नावाच्या कप्प्यात तशी नोंद करायची सोय आहे, म्हणजे पुढच्या वेळी त्याच्या वाटेला जायला नको. पण इथे नोंद करणाराच आधी मरतो. नोंद होत नाही, आणि पुढच्या वेळी तो त्याच फाइलवर पुन्हा जातो.

चोपड्यांच्या फोल्डरवरही तो पडायचा, पण त्याचं दुखणं वेगळं निघालं. स्कॅन करणाऱ्याने ए-३ आकाराची पानं ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके), ४८ बिट रंगात टिफ या मोठ्या चित्रप्रकारात दिली आहेत. एक पान म्हणजे ७०१६ गुणिले ९९२१, जवळपास ७ कोटी पिक्सेल. प्रत्येकाला ६ बाइट धरले तर मेमरीत उलगडलेलं एकच पान ४०० एमबीच्या आसपास जातं, आणि हा एका वेळी चार पानं हातात घेतो! कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, नोंदीत स्पष्ट दिसलं की मेमरी संपल्यामुळे प्रोसेस मारली गेली. सेटिंगमध्ये ‘इतक्या एमबीपेक्षा मोठ्या फाइलचं थंबनेल नको’ अशी मर्यादा आहे. ती २० एमबी ठेवल्यावर टिफचा त्रास थांबला. एचइआयसीला तिचा उपयोग शून्य, कारण तो फोटो दोन-अडीच एमबीचाच असतो.

थंबनेल काढणं हे वेगळ्या, बंदिस्त प्रोसेसचंच काम आहे असं माझं ठाम मत झालं आहे. ग्नोम या लिनक्सच्या डेस्कटॉपने २०१७ मध्ये ३.२६ आवृत्तीपासून थंबनेल काढणारे बाहेरचे प्रोग्रॅम बबलरॅप या साधनाच्या कुंपणात, बाकी सिस्टिमपासून वेगळे, चालवायला सुरुवात केली. ते पडले तरी खिडकी शाबूत राहते. आणि प्रश्न फक्त गैरसोयीचा नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये वेबपी चित्रं उलगडणाऱ्या लिबवेबपी या लायब्ररीत सुरक्षेचं मोठं भगदाड सापडलं, तेव्हा क्रोम आणि फायरफॉक्सला तातडीने अपडेट द्यावे लागले. फाइल मॅनेजर तर डाउनलोड फोल्डर उघडताच, तुम्ही क्लिक करायच्या आधीच, आलेलं प्रत्येक चित्र उलगडायला घेतो. अनोळखी फाइलवर एवढा विश्वास ठेवू नये.

मी दोष कळवला. घरचे फोटो द्यायचे नव्हते, त्यात जागेची माहितीही असते, म्हणून भावाला लोकेशन बंद करून फरशीचा एक फोटो काढायला लावला. तोही पाडत होता, तोच नमुना म्हणून पाठवला. सहाव्या महिन्यात सिस्टिमच्या अपडेटमध्ये एचइआयसी उलगडणारी लिबहाइफ ही लायब्ररी नवी आली आणि एचइआयसीचं पडणं थांबलं. फाइल मॅनेजरची आवृत्ती मात्र तीच होती. म्हणजे मुळातली रचना बदललेली नाही, उद्या दुसऱ्या प्रकाराची फाइल आली की पुन्हा तेच होऊ शकतं.

नावं बदलण्याची सोय आणि वेग यांसाठी मी हा सोडलेला नाही. ५ पैकी ३ देईन. ज्यांच्याकडे फक्त जेपीजी आणि पीएनजी आहेत त्यांनी खुशाल घ्यावा. स्कॅन आणि आयफोनचे फोटो हाताळणाऱ्यांनी आधी ‘मागचे टॅब’ बंद करावेत आणि थंबनेलची मर्यादा लावावी. बॅकअपची कॉपी मी आता टर्मिनलमधून आरसिंक या कॉपी करणाऱ्या प्रोग्रॅमने करतो. खिडकी पडली तरी ती चालू राहते, आणि मधेच तुटली तर पुन्हा चालवल्यावर पोचलेल्या फायली सोडून उरलेल्याच घेते.