कोपस दोन सेमिस्टर वापरल्यावर: तक्ता चोख, टक्केवारी फसवी

कोपस (COPUS) म्हणजे महाविद्यालयातल्या विज्ञान-तंत्रज्ञानाच्या तासात प्राध्यापक आणि विद्यार्थी काय करतात, ते खुणांनी नोंदवायचा निरीक्षण-तक्ता. त्यावरून केलेल्या, एकाच तासिकेच्या दोन अहवालांत व्याख्यानाचा वाटा एकीकडे ५०% आणि दुसरीकडे ८०% आला. ज्या प्राध्यापकांच्या तासाचं निरीक्षण झालं, त्यांचा सगळ्या उपक्रमावरचाच विश्वास उडाला. तक्ता तोच, खुणाही त्याच. फरक फक्त भागाकारात होता. दोन सेमिस्टर वापरल्यावर कोपसबद्दल आधी हेच सांगायला हवं.

दर दोन मिनिटांची एक ओळ, प्राध्यापकांचे १२ आणि विद्यार्थ्यांचे १३ रकाने, आणि त्या दोन मिनिटांत जे जे घडलं त्या प्रत्येकाच्या रकान्यात एक खूण, अशी ही नोंद. ५० मिनिटांच्या तासाच्या २५ ओळी. समजा, व्याख्यान २० ओळींत, त्यातल्याच १५ ओळींत फळ्यावर लिहिणं आणि उरलेल्या ५ ओळींत प्रश्न विचारणं. प्राध्यापकांच्या खुणा झाल्या ४०. व्याख्यानाच्या २० खुणांना ४० ने भागलं की ५०%, २५ ओळींनी भागलं की ८०%. आता हाच तास फळ्याऐवजी तयार स्लाइडवर घ्या. खुणा २५ उरतात आणि पहिल्या पद्धतीनंही आकडा ८०% होतो. व्याख्यान मात्र एका मिनिटानंही वाढलेलं नसतं! पाय चार्टसाठी बेरीज १०० यावी लागते, म्हणून खुणांनी भागलं जातं. तो चार्ट काढूच नका. ओळींनी भागा, स्तंभालेख काढा, बेरीज १०० च्या वर गेली तर जाऊ द्या, आणि कशानं भागलं ते अहवालात लिहा.

दोन मिनिटांचा टप्पा सुरुवातीला फार ढोबळ वाटला होता. दहा सेकंदांचा प्रश्न असो की पूर्ण दोन मिनिटांची चर्चा, खूण एकच. प्रश्न विचारून प्राध्यापक एक सेकंद थांबले की पाच, तेही कळत नाही. ही उणीव आजही आहे. सेकंद समासात लिहून ठेवावे लागतात. पण टक्केवारी बाजूला ठेवून भरलेला तक्ताच प्राध्यापकांपुढे ठेवल्यावर मत बदललं. ओळ १ ते ११ नुसतं व्याख्यान, म्हणजे सलग २२ मिनिटं विद्यार्थ्यांकडून एक शब्द नाही, हे बोट ठेवून दाखवता येतं. मग प्रश्न कुठे घालायचा, ते प्राध्यापक स्वतःच ठरवतात.

प्रशिक्षणाला दीड तास पुरतो, पण त्यात दोघांनी एकाच चित्रफितीची स्वतंत्र नोंद करून जुळवणी केलीच पाहिजे. गटकामानंतर उत्तर समजावणं हा पाठपुरावा की व्याख्यान, इथे हमखास गल्लत होते. पाठपुरावाच. घड्याळं एकदम सुरू करा. एकाचं दोन मिनिटं उशिरा सुरू झालं की सगळ्या ओळी सरकतात आणि कॅपा, म्हणजे दोन निरीक्षकांच्या नोंदी किती जुळतात ते सांगणारा आकडा, कोसळतो. कॅपा कमी आला तर निरीक्षकाला बोल लावण्याआधी एक ओळ सरकवून पाहा.

तक्ता फुकट आहे, माणसांचा वेळ नाही. तरी एका भेटीवर भागवू नका. उत्तर अमेरिकेतल्या २००० हून अधिक तासिकांच्या २०१८ मधल्या अभ्यासानं किमान चार भेटी सांगितल्या आहेत. दहा प्राध्यापक म्हणजे ४० तासिका, दोन निरीक्षक धरले तर ८० तास. माणसं कमी असतील तर प्राध्यापक कमी घ्या, भेटी नकोत कमी करायला.

आणि हा तक्ता मूल्यमापनाच्या फायलीत अजिबात जाऊ देऊ नका. वर्गात काय घडलं एवढंच त्यात येतं. सिद्धांत चुकीचा समजावला तरी व्याख्यानाची खूण तीच पडते.