एएम४ की एएम५: घरी कॉम्प्युटर जोडताना

एएमडीचा प्रोसेसर घ्यायचं ठरलं की पहिला प्रश्न सॉकेटचा, म्हणजे मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो त्या जागेचा, कारण रॅम कुठली घ्यायची हे तिथेच ठरून जातं. २०१६ च्या एएम४ सॉकेटवर फक्त डीडीआर४ रॅम चालते, २०२२ च्या एएम५ वर फक्त डीडीआर५. दोन्ही रॅमना पिना २८८ च, पण खाच वेगळ्या जागी. जोर लावून काही उपयोग नाही.

एएम४ मध्ये पिना प्रोसेसरला असतात, तब्बल १३३१. जुना कूलर सरळ ओढला की मधल्या वाळलेल्या थर्मल पेस्टमुळे प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून येतो. माझा आला होता. वाकलेल्या चार पिना ब्लेडने सरळ करण्यात संध्याकाळ गेली. आधी मशीन थोडं तापू द्या, मग बंद करून कूलर हलकेच पिळत काढा. एएम५ मध्ये पिना बोर्डावर आहेत, म्हणजे जपायचं ते सॉकेट.

जुन्या एएम४ बोर्डावर रायझन ५००० मालिकेचा प्रोसेसर बसवायचा तर आधी बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करावं लागू शकतं. एएम५ ची गंमत वेगळी: पहिल्यांदा सुरू करताना रॅमचं ट्रेनिंग चालतं, म्हणजे मशीन रॅमशी जुळवून घेतं, तोवर स्क्रीन काही मिनिटं काळी राहते. घाबरून बटण दाबू नका.

डीडीआर४ रॅम हाताशी असेल तर एएम४ च घ्या. सगळंच नवं घेणार असाल तर मी एएम५ म्हणेन. पुढे बोर्ड न बदलता नुसता प्रोसेसर बदलता येण्याची शक्यता तिथेच जास्त आहे. एएम४ चे बरेच कूलर त्यावर बसतात, फक्त बोर्डामागची मूळ पट्टी वापरणारे हवेत.